ससूनमधील ती रात्र



अचानक दुखणे उद्भवते, कारण कळत नाही, रुग्णालयात दाखल व्हावे लागते. अशा वेळी भल्याभल्यांचा धीर सुटतो.

जानेवारी १९२४. महात्मा गांधी आपल्या पुण्यात, येरवडा तुरुंगात शिक्षा भोगत होते. ताप आणि पोटदुखीने ते बेजार झाले. तपासणीअंती अपेंडिक्सचे निदान झाले. १२ जानेवारीला त्यांना ससून रुग्णालयात हलवले. मुंबईच्या डॉक्टरांची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता. ज्या सरकारशी लढा, त्याच सरकारचे सर्जन कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करणार होते. गांधीजींनी श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतले. दोघांत राजकीय मतभेद होते, तरी शास्त्री रात्री धावून आले. मॅडॉक यांच्यावर पूर्ण विश्वास असल्याच्या निवेदनावर गांधीजींनी थरथरत्या हाताने सही केली.

शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली. टॉर्चही विझला. शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पूर्ण झाले. गांधीजी हळूहळू बरे झाले आणि ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली.

उपचार करणाऱ्यांवर विश्वास आणि जवळ एक आपला माणूस, एवढेच त्या रात्री रुग्णापाशी होते. आपल्या ओळखीचे कोणी आज रुग्णालयात असेल, तर जरूर भेटून या.