विषवायूतून नव्या वाणांकडे

शोभेच्या निवडुंगाचे आणि मांसल पानांच्या वनस्पतींचे नवे प्रकार मिळवण्यासाठी आज काही संशोधक त्यांच्या बिया वा ऊती सौम्य रसायनात भिजवतात. रसायनाने पेशीतील जनुकांत बदल घडतो आणि एखाद्या रोपाच्या पानांवर पांढरा-पिवळा पट्टा उमटतो वा त्याचा आकार बदलतो. रसायन आनुवंशिकता बदलू शकते, याचा निर्णायक पुरावा देणाऱ्यांत अग्रणी होत्या शार्लोट आवरबाख. हा पुरावा त्यांना मिळाला तो मात्र युद्धातील विषवायूतून.

जर्मनीतील क्रेफेल्ड येथे १४ मे १८९९ रोजी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. जीवशास्त्राचे शिक्षण घेऊन त्या बर्लिनमध्ये शिक्षिका झाल्या. १९३३ मध्ये नाझी राजवटीने ज्यू शिक्षकांना नोकरीतून काढले. तेव्हा आईच्या सल्ल्यावरून त्यांनी मायदेश सोडला आणि एडिंबरा गाठले. तेथे १९३५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

क्ष-किरणांमुळे उत्परिवर्तन होते, हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले होते. मस्टर्ड गॅसने होणाऱ्या जखमा क्ष-किरणांच्या जखमांसारख्याच असतात. मग या वायूने जनुकेही बदलत असतील काय? या प्रश्नाचा वेध घेण्यासाठी आवरबाख यांनी औषधशास्त्रज्ञ जे. एम. रॉबसन यांच्यासह १९४० मध्ये फळमाश्यांवर प्रयोग सुरू केले. वायू हाताळताना त्यांचे हात भाजले, तरी काम थांबले नाही. वायूच्या संपर्कात आलेल्या माश्यांच्या संततीत घातक उत्परिवर्तनांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले आढळले. मात्र हा वायू युद्धसामग्रीत मोडत असल्याने निष्कर्ष गुप्त राहिले. ते प्रसिद्ध झाले १९४६ मध्ये, महायुद्ध संपल्यानंतर.

मस्टर्ड गॅस शेतीच्या उपयोगाचा नव्हता. पण वाट सापडली होती. पुढे इथाइल मिथेनसल्फोनेटसारखी तुलनेने सौम्य रसायने वनस्पती-पैदासकारांच्या हाती आली. अमेरिकेत १९६६ मध्ये रासायनिक उत्परिवर्तनातून 'ल्यूथर' हा बार्लीचा वाण तयार झाला. महाराष्ट्राला परिचित असलेले ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे भुईमुगाचे वाण मात्र मुख्यतः किरणोत्साराच्या मार्गाने आले आहेत.

या तंत्राची मर्यादा आवरबाख पुरेपूर जाणून होत्या. रसायन कोणत्या जनुकाला स्पर्श करील हे ठरवता येत नाही आणि बहुतेक बदल हानिकारकच ठरतात. म्हणूनच पैदासकाराला असंख्य रोपांतून एखादेच निवडावे लागते. ही रसायने माणसालाही घातक असून, हौसेखातर घरी हाताळण्याजोगी नाहीत. आनुवंशिक हानीचे हेच भान ठेवून आवरबाख यांनी अण्वस्त्रांना ठाम विरोध केला आणि सामान्य वाचकांसाठी या विषयावर पुस्तकही लिहिले.

१९५७ मध्ये त्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या, १९७६ मध्ये त्यांना डार्विन पदक मिळाले. १७ मार्च १९९४ रोजी एडिंबरा येथे त्यांचे निधन झाले. ज्या वायूने पहिल्या महायुद्धात सैनिकांना होरपळवले, त्याच्याच अभ्यासातून त्यांनी जीवसृष्टीचे एक रहस्य उलगडले आणि त्याच्या गैरवापराचा धोकाही ओळखला.