वडापावाचे जनक कै. अशोक वैद्य

शाळेच्या वार्षिकांत ज्यांची चरित्रे छापली जातात ते पुरुष बहुधा राजे, सेनापती, संत, शास्त्रज्ञ किंवा देशभक्त असतात. त्यांचे पुतळे चौकांत उभे असतात आणि त्यांच्या जन्मतिथी मुलांना तोंडपाठ असतात. आमचे आजचे चरित्रनायक ह्यांपैकी कोणीही नव्हते. ते मुंबईस दादर स्टेशनाबाहेर रस्त्याच्या कडेला एका गाडीवर वडे तळून विकीत असत. तथापि ज्यांच्या हातच्या एका साध्या युक्तीने कोट्यवधी माणसांची भूक भागली, अशा पुरुषांची गणती करावयाची झाल्यास कै. अशोक वैद्य ह्यांचे नाव त्यांत घ्यावेच लागेल. वडापाव खाल्ला नाही असा विद्यार्थी आपल्या शाळेत शोधूनही सापडणार नाही. परंतु तो पहिल्याने कोणी केला हे सांगू शकेल असाही क्वचितच सापडेल. ती उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आपल्या पेण तालुक्यातील जोहे गाव घ्या. जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे ह्या गावांत घरोघर गणपतीच्या मूर्ती तयार होतात. चतुर्थी जवळ आली म्हणजे कारखान्यांतून रात्र आणि दिवस ह्यांतील भेद नाहीसा होतो. कोणी साच्यातून मूर्ती काढतो, कोणी रंग चढवितो, कोणी डोळ्यांची आखणी करतो. अशा वेळी ताट मांडून जेवावयास सवड कोणास असणार? मध्यरात्री कोणी तरी कागदात बांधलेले गरम वडापाव घेऊन येतो. एका हाताचा रंग पुसावयाचा, दुसऱ्या हातातील कुंचला खाली न ठेवता चार घास खावयाचे आणि पुन्हा कामास लागावयाचे, असा तेथील परिपाठ आहे. ज्याने हे खाद्य निर्माण केले त्याने अशाच, वेळेशी झुंजणाऱ्या श्रमिकांना डोळ्यांपुढे ठेवले होते.

चरित्राकडे वळण्यापूर्वी ह्या खाद्याच्या कुळाची थोडी ओळख करून घेणे इष्ट होईल. वडापाव हा अस्सल मराठी पदार्थ, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु त्यातील बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील पेरूच्या डोंगराळ प्रदेशातला, आणि पाव युरोपातला. दोन्हींना आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणले ते पोर्तुगीजांनी. बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्दही त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आले आहेत. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जेथे समुद्रास मिळते, त्या रेवदंड्यास पोर्तुगीजांचा किल्ला होता. १७४० साली तो मराठ्यांच्या हाती आला. पोर्तुगीज गेले, पण पाव राहिला. पुढे मुंबईत गोव्याकडील ख्रिस्ती पाववाल्यांनी आणि इराण्यांनी भट्ट्या घातल्या, आणि पाव हे गरिबाचे अन्न झाले. बटाट्याचा वडा मात्र घरात सणासुदीस अथवा पाहुणा आला असता होई. हे दोन पदार्थ एकाच शहरात शेजारी शेजारी नांदत होते. त्यांची गाठ मात्र पडली नव्हती.

१९६६ सालची मुंबई ही गिरण्यांची मुंबई होती. परळ, लालबाग, वरळी, भायखळा ह्या भागांत भोंग्यांच्या तालावर लक्षावधी माणसे उठत, बसत आणि निजत. त्यांपैकी कितीतरी आपल्या कोकणातली होती. एका खोलीत पाळीपाळीने दहा-पंधरा जणांनी राहावे, खाणावळीत जेवावे आणि उरलेला पैसा गावी मनिऑर्डरीने धाडावा, अशी त्यांची राहणी होती. पहिली पाळी धरण्यास पहाटे निघणाऱ्यास आणि रात्रपाळी करून परतणाऱ्यास पोटभर, स्वस्त आणि उभ्या उभ्या खाता येईल असे काही हवे होते. उपाहारगृहात बसावयास वेळ नाही आणि पैसाही नाही, अशी ती अडचण होती.

त्याच वर्षी, १९ जून १९६६ रोजी, बाळ ठाकरे ह्यांनी शिवसेनेची स्थापना केली. नोकरीच्या मागे न धावता मराठी तरुणांनी लहानसहान धंदे करावेत, असे त्यांचे सांगणे होते. त्या चळवळीत दाक्षिणात्य बांधवांविषयी जी कटुता होती, तीही इतिहासात नमूद आहे, आणि तिचे समर्थन करण्याचे काही कारण नाही. परंतु धंद्याची लाज बाळगू नये हा उपदेश मात्र मोलाचा होता. त्या हाकेस ओ देणाऱ्यांत अशोक वैद्य हे होते असे सांगतात. त्यांनी दादर स्टेशनाबाहेर खाद्यपदार्थांची गाडी लावली, आणि तीवर ते बटाटेवडे व पोहे विकू लागले.

आज ही गोष्ट सामान्य वाटेल. परंतु त्या काळी कचेरीतील खुर्ची हीच प्रतिष्ठेची खूण मानली जाई. पगार तुटपुंजा असला तरी चालेल, पण नोकरी पाहिजे, अशी पुष्कळ घरांची समजूत होती. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्या ओळखीच्या माणसांच्या देखत, कढईपुढे उभे राहून वडे तळावयाचे, ह्याला निराळ्या प्रकारचे धैर्य लागते. रणांगणावरील शौर्याची वर्णने आपण वाचतो. लोकलज्जेवर मिळविलेल्या विजयाची वर्णने मात्र फारशी कोणी लिहीत नाही.

वैद्यांच्या गाडीशेजारी एक जण पावाबरोबर आम्लेट विकीत असे. त्याच्याकडील पाव पाहून वैद्यांना कल्पना सुचली की, आपला वडाच पावात घालून द्यावा. पाव मधोमध चिरावयाचा, त्यास लसूण, सुके खोबरे आणि लाल मिरची ह्यांची कोरडी चटणी लावावयाची, मध्ये कढईतून नुकताच काढलेला वडा दाबून बसवावयाचा आणि सोबतीस मीठ लावलेली तळलेली हिरवी मिरची द्यावयाची. एवढाच काय तो शोध! परंतु त्याने एकदम किती अडचणी दूर केल्या ते पाहा. गरम आणि तेलकट वडा हातात धरवत नाही. पाव त्याचे वेष्टन झाला. नुसत्या वड्याने पोट भरत नाही. पावाने ते भरले. नुसता पाव घशाखाली उतरत नाही. वड्याने त्यास चव आणली. बशी नको, चमचा नको, टेबल नको, पाणी घालून धुवावयाचे भांडे नको. एक हात मोकळा राहतो आणि पाय चालत राहतात. पुढे ज्यास जग फास्ट फूड म्हणू लागले, त्याचे सारे गुण त्या एका चिरलेल्या पावात उतरले होते.

जागाही मोठी अनुकूल होती. दादर हे मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही लोहमार्गांचे मीलनस्थान. अंबरनाथकडचा प्रवासी आणि विरारकडचा प्रवासी तेथे एकाच पुलावरून जातो. दादरला जे रुचले ते दोन्ही मार्गांवरील स्टेशनांवर पोहोचण्यास वेळ लागला नाही. गाड्यांमागून गाड्या उभ्या राहिल्या आणि वडापाव हे मुंबईचे दुसरे नाव होऊन बसले. पुढे शिवसेनेने त्यास उडपी उपाहारगृहांच्या इडली-डोशाचा मराठी प्रतिस्पर्धी म्हणून पुढे केले. परंतु पेरूचा बटाटा, पोर्तुगालचा पाव आणि कोकणातले खोबरे ज्यात सुखाने एकत्र नांदतात, तो पदार्थ कोणाच्या द्वेषासाठी निर्माण झाला असेल असे मानणे योग्य होणार नाही.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच सुमारास सुधाकर म्हात्रे ह्यांनीही दादर भागातच वडापावाचा धंदा सुरू केला होता, आणि ह्या मानात त्यांचाही वाटा सांगितला जातो. पुष्कळ शोधांच्या बाबतीत असे घडते. काळाची गरज पिकून आली म्हणजे एकच फळ दोन फांद्यांवर लागते. तथापि लोकांच्या स्मरणात जनकत्वाचा मान वैद्यांकडे गेला आहे.

ह्या खाद्याची खरी कसोटी पुढे लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या आणि हजारो संसार उघडे पडले. ज्यांच्या हातात मागाखेरीज दुसरी विद्या नव्हती, त्यांपैकी कित्येकांना वडापावाच्या गाडीने तारले. एक कढई, एक शेगडी, थोडे तेल, बटाटे, बेसन आणि शेजारच्या भट्टीतले पाव एवढ्या भांडवलावर घरची चूल पेटती राहिली. गिरणीत जाता जाता जो वडापाव ते विकत घेऊन खात, तोच आता विकून ते मुलांना शाळेत धाडू लागले. वैद्यांनी केवळ एक खाद्य शोधले नव्हते. पडत्या काळात धरता येईल असा एक धंदा त्यांनी नकळत सिद्ध करून ठेवला होता.

पुढे काळ पालटला. १९९५ साली तळलेल्या कोंबडीसाठी प्रसिद्ध असलेली केएफसी ही अमेरिकन कंपनी बंगळूरास आली. १९९६ साली मॅकडॉनल्डची उपाहारगृहे दिल्ली व मुंबई येथे उघडली. काचेची दारे, थंड हवा, एकसारखे पोशाख आणि सर्वत्र एकाच चवीचे पदार्थ हे त्यांचे वैशिष्ट्य. गंमत अशी की, जगभर गोमांसाच्या बर्गरवर वाढलेल्या ह्या कंपनीला येथे गोमांस व डुकराचे मांस वगळावे लागले, आणि तिचा येथील एक अतिशय लोकप्रिय पदार्थ ठरला तो पावात घातलेली बटाट्याची टिक्की! साता समुद्रांपलीकडून आलेल्या कंपनीने अखेर दादरच्या गाडीवाल्याचाच धडा गिरविला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांच्याकडून आपल्या लोकांनीही धडा घेतला. २००१ साली मालाड स्टेशनापाशी जम्बोकिंगचा आरंभ झाला. २००४ साली कल्याणास गोली वडापाव निघाले. ह्यांनी वडापावाच्या शाखांची साखळी उभारली. हाताचा स्पर्श न होता यंत्राने वडे वळावयाचे, ते गोठवावयाचे, थंड पेटीच्या मोटारींतून दूरच्या शहरी पोहोचवावयाचे आणि तेथे केवळ तळून द्यावयाचे, अशी गोलीची व्यवस्था. हे वडे आपल्याच रायगड जिल्ह्यातील तळोजे येथील कारखान्यात तयार होत. स्वच्छता आणि एकसारखेपणा हा ह्या पद्धतीचा लाभ नाकारता येत नाही. पुढे जम्बोकिंगने तर वडापाव हे नाव मागे सारून बर्गर हे नाव पुढे केले. ज्या पदार्थाने परदेशी बर्गरला बटाटा खावयास शिकविले, त्यालाच आपल्या घरात नाव बदलून राहावे लागावे, हा काळाचा महिमा होय.

ह्या ठिकाणी अमेरिकेतील एका प्रसंगाची आठवण होते. रिचर्ड व मॉरिस मॅकडॉनल्ड ह्या दोघा भावांनी १९४८ साली कॅलिफोर्नियातील आपल्या उपाहारगृहात झटपट खाद्याची नवी पद्धत बसविली. रे क्रॉक नावाच्या व्यापाऱ्याने तिच्या शाखा काढल्या आणि १९६१ साली २७ लाख डॉलर देऊन त्यांचा सारा हक्क विकत घेतला. भावांनी आपले मूळचे दुकान स्वतःकडे ठेवले, परंतु त्यावर स्वतःचे आडनाव लावण्याची मात्र त्यांना मुभा राहिली नाही! त्यांना पैसा मिळाला, नाव जगभर झाले, पण ते नाव त्यांचे उरले नाही. वैद्यांचे अगदी उलट झाले. त्यांनी आपल्या युक्तीवर कोणताही हक्क बांधून ठेवला नाही. त्यामुळे जो तो ती उचलू शकला. साखळी त्यांनी काढली नाही, आणि साखळीने त्यांना बांधलेही नाही.

१९९८ साली अशोक वैद्य ह्यांचे निधन झाले. परदेशी कंपन्यांचे आगमन त्यांच्या हयातीत झाले होते. देशी साखळ्या निघावयाच्या होत्या. आपल्या पदार्थावर उभ्या राहिलेल्या त्या मोठमोठ्या उद्योगांची भरभराट त्यांना पाहावयास मिळाली नाही. त्याबद्दल खेद करावा काय? शोधकर्त्यास त्याच्या शोधाचा मोबदला मिळावा, हा व्यवहाराचा न्याय आहे, आणि तो खोटा नाही. परंतु वैद्यांनी जर पावात वडा घालण्याचा हक्क विकला असता, तर १९८२ सालानंतरच्या त्या बेकार गिरणी कामगाराने कोणाची परवानगी काढून आपली गाडी लावली असती?

आपल्या शाळेच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीचे मागणे आहे. शुभवर्तमानात एका मुलाची कथा आहे. त्याच्याजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या. त्या त्याने प्रभूच्या हाती दिल्या आणि पाच हजार लोक जेवून तृप्त झाले. त्या मुलाचे नाव मात्र ग्रंथात कोठेही नाही. आपल्या जोहे गावच्या कारागिरांचेही असेच आहे. त्यांच्या हातच्या मूर्ती मुंबई-पुण्यास आणि परदेशीही जातात, घरोघर पूजिल्या जातात. परंतु मूर्तीच्या पाठीवर तिचे डोळे ज्याने आखले त्याचे नाव नसते. पूजा मूर्तीची होते आणि कारागीर पुढच्या वर्षाच्या कामास लागतो.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळी हमरापूर फाट्यावर अथवा वडखळ नाक्यावर कागदात गुंडाळलेला गरम वडापाव हाती पडेल, तेव्हा क्षणभर दोन माणसांची आठवण करावी. एक, दादरच्या रस्त्यावर लाज सोडून कढईपुढे उभे राहिलेले कै. अशोक वैद्य, आणि दुसरा, तो वडापाव आपल्या हाती देणारा मनुष्य. पहिल्याचे नाव आता आपणांस ठाऊक झाले आहे. दुसऱ्याचे आपण विचारून घ्यावे.