डॉ. हाफकिन

इ. स. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. भयभीत लोक शहर सोडून जाऊ लागले. अशा वेळी डॉ. वाल्डेमार हाफकिन तेथे आले.

त्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवर लस तयार केली व १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा जागेत त्यांनी कार्यारंभ केला. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली प्लेगचे जंतू वाढवावयाचे व उष्णतेने मारून त्यांची लस करावयाची, ही त्यांची रीत होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. पण ते डगमगले नाहीत. तरीही लोकांची भीती जाईना. तेव्हा आगाखान यांनी अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली. हळूहळू सहस्रावधी लोक पुढे आले.

१९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्यावर आला व त्यांचे पद गेले. परंतु धनुर्वाताचे जंतू प्रयोगशाळेत नव्हे, तर गावी बाटली उघडताना शिरले असावेत, असे तज्ज्ञांनी दाखवून दिले. १९०७ साली दोषमुक्त होऊन ते पुन्हा या देशाच्या सेवेस रुजू झाले.

२६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे देहावसान झाले. परळच्या संस्थेस १९२५ पासून त्यांचे नाव आहे. डोळ्यांस न दिसणाऱ्या जंतूंशी झुंजताना ज्ञानाइतकीच स्वच्छता व लोकांचा विश्वासही हवा, हे त्यांच्या चरित्रावरून कळते.