रविवार मिळवून देणारा माणूस

आज रविवार. चहाचा दुसरा कप हातात, पुरवणी समोर. ही सवड आपल्याला कोणी मिळवून दिली, हा प्रश्न बँकेच्या नोकरीत मला फार वर्षे पडलाच नाही. तो पडला जळगावच्या एका डाळमिलमध्ये. कर्जाच्या तपासणीसाठी गेलो होतो. पोत्यांच्या थप्प्या मोजल्या, विम्याचे कागद पाहिले आणि निघता निघता हमालाला सहज विचारले, की भाऊ, सुटी कोणत्या दिवशी? तो हसला. मिल बंद असेल त्या दिवशी, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते, असे त्याने सांगितले. माझ्या फॉर्मवर मालाला रकाना होता, यंत्राला होता; माणसाच्या सुटीला नव्हता. मी सही करून निघून आलो.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी वाचताना तो हमाल हटकून आठवतो. लोखंडे 1848 साली ठाण्यात जन्मले. मुंबईच्या एका कापड गिरणीत ते भांडारपाल होते, म्हणजे माझ्यासारखेच साठा मोजणारे. पण साठ्यामागची माणसे त्यांना दिसली. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आणि आठवड्याची सुटी नाही. जोतीराव फुल्यांच्या या सत्यशोधक अनुयायाने 1880 पासून ‘दीनबंधु’ पत्र मुंबईतून चालवले. 1884 मध्ये कामगारांच्या सभा भरवून सुमारे 5500 सह्यांचा अर्ज केला. मागण्या अगदी साध्या होत्या: रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, कामावर दुखापत झाली तर भरपाई.

त्यानंतर सहा वर्षे गेली. एप्रिल 1890 मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली; तीत दोन स्त्रियाही बोलल्या. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे 1897 च्या प्लेगात लोखंडे गेले.

1891 च्या कायद्यातही आठवड्याची सुटी आली, पण 50 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरती. 1948 च्या कायद्याने ही मर्यादा विजेवरच्या कारखान्यांसाठी 10 वर आणली. त्याहून लहान धंद्यांत मात्र बरेच काही मालकाच्या मनावर राहते. धुळ्याचे यंत्रमाग असोत की जळगावच्या डाळमिल, लहान मालकाच्याही अडचणी मी जवळून पाहिल्या आहेत. हप्ता डोक्यावर, ऑर्डर अंगावर, आणि बऱ्याचदा तो स्वतःही रविवारी गल्ल्यावरच बसलेला. पण त्याच्या हप्त्याची चौकशी करायला बँक होती. हमालाची चौकशी करणारे कोणी नव्हते. मी तिथे उभा होतो, तरी मीही केली नाही.

त्या हमालाचे नावसुद्धा मी विचारले नव्हते. आपल्या दुकानात, वर्कशॉपमध्ये, घरात राबणाऱ्या माणसाला आठवड्याची भरपगारी सुटी मिळते का, एवढे आज चहा संपण्याआधी तुम्ही तरी विचारून पाहा.