विश्लेषण : प्रकाशाला मोजपट्टी देणारे फ्राउनहोफर कोण होते?

हवेत मिथेन किती, कार्बन डायऑक्साइड किती, हे आज लेझरच्या ‘फ्रिक्वेन्सी कॉम्ब’ तंत्राने अत्यंत अचूक मोजता येते. या मोजणीची मुळे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका काच कारागिराच्या कामात आहेत.

घर कोसळले आणि…

योसेफ फ्राउनहोफर यांचा जन्म १७८७ मध्ये जर्मनीतील बव्हेरियात एका काचकाम करणाऱ्याच्या घरी झाला. अकराव्या वर्षी आईवडिलांचे छत्र हरपले. म्युनिकमध्ये आरसे बनवणाऱ्याकडे ते उमेदवारी करू लागले. २१ जुलै १८०१ रोजी मालकाचे घर कोसळले. ढिगाऱ्यातून १४ वर्षांचे फ्राउनहोफर जिवंत बाहेर आले. तिथे आलेले बव्हेरियाचे शासक मॅक्सिमिलियन यांनी त्यांना १८ सुवर्णनाणी दिली, तर उद्योजक उत्झश्नायडर यांनी पुस्तके पुरवली. पुढे ते उत्झश्नायडर यांच्याच काच उद्योगात दाखल झाले.

काळ्या रेषा कशा सापडल्या?

दुर्बिणीचे भिंग निर्दोष हवे, तर प्रत्येक रंगाचा किरण काचेत किती वळतो हे मोजावे लागते. पण एक रंग संपून दुसरा कुठे सुरू होतो हेच कळत नाही. १८१४ च्या सुमारास त्यांनी सूर्यप्रकाशाचा रंगपट दुर्बिणीतून पाहिला. त्यात शेकडो बारीक काळ्या रेषा होत्या, नेहमी त्याच जागी. विल्यम वोलास्टन यांना १८०२ मध्ये अशा मोजक्या रेषा दिसल्या होत्या. फ्राउनहोफर यांनी ५७० हून अधिक रेषा नोंदवल्या, ठळक रेषांना ए, बी, सी अशी नावे दिली आणि मोजपट्टीवरील खुणांसारखा त्यांचा वापर केला.

अर्थ कधी उलगडला?

त्यांच्या हयातीत नाही. १८२६ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले. वायू ठरावीक रंगाचा प्रकाश शोषतो, म्हणून तिथे काळी रेषा उमटते, हे १८५९ मध्ये किर्चहॉफ यांनी दाखवले. ‘ए’ आणि ‘बी’ या रेषा तर सूर्याच्या नाहीतच. त्या पृथ्वीच्या हवेतील ऑक्सिजनच्या रेणूंमुळे उमटतात.

आजच्या ‘कॉम्ब’शी नाते काय?

कॉम्ब म्हणजे कंगवा. या लेझरचा प्रकाश कंगव्याच्या दातांसारख्या हजारो रेषांत विभागलेला असतो. दोन दातांमधले अंतर समान आणि प्रत्येकाची वारंवारता माहीत असते. वायूतून गेल्यावर कोणते दात फिके पडले, यावरून रेणू ओळखता येतो. या तंत्रासाठी थिओडोर हेन्श आणि जॉन हॉल यांना २००५ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. फ्राउनहोफर यांच्या खुणा निसर्गाने दिलेल्या होत्या, कॉम्बच्या प्रयोगशाळेत तयार होतात. तरी जुन्या खुणा निकामी झालेल्या नाहीत. कार्बन डायऑक्साइड मोजणारा ‘नासा’चा ओसीओ-२ उपग्रह आजही ऑक्सिजनच्या त्याच ‘ए’ पट्ट्याचा आधार घेतो.