स्वांटे अऱ्हेनियस आणि परीक्षानळीतली ऊब

आम्ल आणि अल्कली मिळून मीठ व पाणी तयार होते, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात कॉस्टिक सोड्याचे द्रावण बेताने घातले की दोघांचाही दाहकपणा जातो आणि परीक्षानळी कोमट लागते. आम्ही एवढे पाठ केले आणि गुण मिळवले. ही ऊब कशाची, हे ज्यांच्या सिद्धान्तामुळे उलगडले, त्या स्वांटे अऱ्हेनियस यांना मात्र त्यांच्याच विद्यापीठाने जेमतेम उत्तीर्ण केले होते.

जन्म १८५९चा, स्वीडनमधील उप्सालाजवळचा. वडील जमीनमोजणीच्या कामात. तिसऱ्या वर्षीच मुलगा आपला आपण वाचायला शिकला. द्रावणांतून वीज कशी वाहते यावर १८८४ साली त्यांनी प्रबंध सादर केला. उप्सालाच्या प्राध्यापकांना तो पटला नाही. श्रेणी इतकी खालची मिळाली की तिथे शिकवण्याची वाटच बंद व्हावी. अऱ्हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशी धाडल्या. रिगाहून ओस्टवाल्ड स्वतः त्यांना भेटायला आले आणि नोकरी देऊ केली. मग उप्सालालाही जाग आली!

१८८७ साली त्यांनी सिद्धान्त पूर्णपणे मांडला : मीठ पाण्यात विरघळताच त्याचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात; त्यासाठी वीज सोडावी लागत नाही. अनेकांना हे हास्यास्पद वाटले. सोडियम तर पाण्यात पेट घेतो, क्लोरीन विषारी, मग मीठपाणी निरुपद्रवी कसे? भारित आयन आणि मूळ अणू यांचे गुण वेगळे, हे त्यांचे उत्तर.

उदासिनीकरणाने त्यांची बाजू भक्कम केली. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली यांची कोणतीही जोडी घ्या, विरल द्रावणात एक मोल पाणी तयार होताना सुमारे ५७ किलोजूल उष्णता निघते. हायड्रोक्लोरिक आम्ल असो वा नायट्रिक, सोडा असो वा पोटॅश, आकडा जवळपास तोच. उष्णता मीठ बनल्याने निघत असती, तर मिठागणिक ती बदलली असती. खरे तर सोडियम आणि क्लोराइड आधीही सुटे, नंतरही सुटेच. जुळतात ते फक्त हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल, आणि त्यांचे पाणी होते. मीठ हाती येते ते पाणी आटवल्यावर.

१९०३ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश. पुढे आपल्या सिद्धान्ताचे टीकाकार मेंडेलीव्ह यांना ते मिळू नये म्हणून त्यांनी आपले वजन वापरले, हे आम्हाला खटकते. २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचे निधन झाले. दफन उप्सालातच झाले.