लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि औंधचा आधार

आपण आज ज्यांचे स्मरण करीत आहोत ते लक्ष्मणराव किर्लोस्कर २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर गावी जन्मले. चित्रकला शिकायला ते मुंबईस गेले; पण रंग नीट ओळखू येईनात, म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले व त्याच विषयाचे शिक्षक झाले. बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा नोकरी सोडून बेळगावास भावाबरोबर सायकलींच्या दुकानात लागले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांना भीती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली.

त्यातच शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितले. उद्योग तेथेच बुडाला असता. पण औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ व कर्जाऊ रक्कम दिली. निवडुंग तोडून, साप हाकलून १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. उसाचे चरकही तेथे बनू लागले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. हा मान मोठाच. पण नांगर खपत नव्हते तेव्हा औंधने टाकलेला विश्वास आम्हांला त्याहून मोठा वाटतो. आपल्या बेटावर कोणी लहान कारखाना काढला, तर वाचकहो, हे आठवावे.